चावडी कोणाच्या मालकीची?

गावाची ओळख त्याच्या वेशीवर होते आणि गावाचे मन त्याच्या चावडीवर कळते, असे जुनी माणसे म्हणत. यात्रेची वर्गणी कोणी जमवावी, विहिरीतील गाळ केव्हा काढावा, कोणाच्या घरी आजार आहे, कोणाचा मुलगा परीक्षेत पहिला आला, या साऱ्या गोष्टी चावडीवर निघत. चावडीची इमारत बहुधा साधीच असे. परंतु ती गावाची असे. तेथे बसणाऱ्यास कोणी भाडे मागत नसे, आणि तेथून कोणास उठवावयाचे झाले तर त्याचे कारण चार माणसांसमोर सांगावे लागे.

सांप्रत ही चावडी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गेली आहे. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील बेला, जैनद, तामसी या बाजूच्या घराघरांतून सकाळी पहिली नजर जाते ती त्या पडद्याकडे. कापसाचा भाव, शाळेची सूचना, लग्नाची पत्रिका, पैनगंगेच्या पुराची बातमी, सारे तेथेच. यात वाईट असे काही नाही. माणसे जेथे जमतील तेथे चावडी होणारच. परंतु या नव्या चावडीची जागा, भिंती, दार आणि कुलूप ही सर्व दुसऱ्याच्या मालकीची आहेत. आणि तो मालक सहस्रावधी कोसांवर आहे. आपण तेथे पाहुणे आहोत. पाहुण्याने आपल्या घरातील जपून ठेवण्याजोगी चीजवस्तू तेथे किती ठेवावी, हा आजच्या लेखाचा विषय होय.

परक्या ओसरीचे काय होते, हे आपल्या पिढीने तीनदा पाहिले आहे. गूगल कंपनीचे 'ऑर्कुट' हे भारतात अत्यंत लोकप्रिय होते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले, कारण कंपनीला त्यात पुढे स्वारस्य उरले नाही. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी उपयोजनांवर बंदी घातली. त्यांत 'टिकटॉक' होते. आणि महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील ज्या तरुणांनी तेथे आपली कला दाखवून नाव मिळविले होते, त्यांचा प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. तिसरे उदाहरण अधिक बोलके आहे. 'कू' हे तर स्वदेशी, २०२० साली सुरू झालेले, देशी भाषांस मानाचे स्थान देणारे. शासनाच्या 'आत्मनिर्भर' स्पर्धेत त्याचा गौरवही झाला होता. तेही जुलै २०२४ मध्ये, भांडवल मिळेना म्हणून, बंद करण्यात आले. एकाचे कारण व्यापारी, दुसऱ्याचे राजकीय, तिसऱ्याचे आर्थिक. त्या बंदीचा निर्णय योग्य की अयोग्य, याची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. आम्हांस दाखवावयाचे आहे ते इतकेच की, मालक परदेशी असो वा स्वदेशी, ज्यांनी तेथे लिहिले, चित्रे ठेविली, माणसे जोडली, त्यांना या निर्णयात मत नव्हते.

यावर उपाय काय? तो समजून घेण्यासाठी टपालाचे उदाहरण घेऊ. आणि ते आपल्याच मुलुखातील आहे.

निजामाच्या राज्यात संस्थानाचे स्वतःचे टपालखाते होते. १८६९ पासून त्याची स्वतंत्र तिकिटे निघू लागली. परंतु ती तिकिटे संस्थानाच्या हद्दीतच चालत. आदिलाबादेतील मनुष्याला पैनगंगेपलीकडे यवतमाळास, किंवा वर्धेपलीकडे चांद्यास आपल्या लेकीला पत्र धाडावयाचे झाले, तर निजामाच्या तिकिटाचा उपयोग नसे. इंग्रजी टपालाचे तिकीट लावावे लागे. नदी ओलांडली की तिकिटाची किंमत शून्य! संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९५० साली ते खाते भारतीय टपालखात्यात मिळाले आणि ही अडचण सरली.

याच्या उलट दुसरे चित्र पाहा. १८७४ साली स्वित्झर्लंडातील बर्न येथे २२ देशांनी एकत्र येऊन टपालाचा करार केला; १८७६ साली हिंदुस्थान त्यात सामील झाला. प्रत्येक देशाचे टपालखाते स्वतंत्र, तिकिटे स्वतंत्र, पोस्टमन स्वतंत्र. परंतु एका देशाचे तिकीट लावलेले पत्र दुसऱ्या देशाने मुकाट्याने घरपोच करावयाचे. सगळ्या जगाचे एकच टपालखाते करण्याची गरज पडली नाही. नियम एक असला की खाती अनेक असली तरी चालते.

आजच्या मोठ्या कंपन्यांची समाजमाध्यमे ही निजामाच्या तिकिटासारखी आहेत. फेसबुकवरचा मनुष्य तेथूनच एक्सवरच्या मित्रास पत्र लिहू शकत नाही. नदी आडवी येते. विकेंद्रित समाजमाध्यमांची रचना बर्नच्या करारासारखी आहे. यूजेन रोचको नावाच्या जर्मनीतील तरुणाने २०१६ साली 'मॅस्टोडॉन' नावाची प्रणाली लोकांपुढे ठेविली. तिचा मूळ आराखडा सर्वांस खुला आहे. कोणीही तो विनामूल्य घ्यावा आणि आपल्या यंत्रावर चालवावा. २३ जानेवारी २०१८ रोजी विश्वजालाचे नियम ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 'ॲक्टिव्हिटीपब' हा नियम प्रमाण म्हणून मान्य केला. हा नियम पाळणारी सहस्रावधी लहानमोठी केंद्रे आज जगात आहेत. प्रत्येकाचा चालक वेगळा, शिस्त वेगळी; परंतु एका केंद्रावरील मनुष्य दुसऱ्या केंद्रावरील मनुष्याचे लिखाण वाचू शकतो, त्यास उत्तर देऊ शकतो. अशा केंद्राचे यंत्र म्हणजेच सर्व्हर होय. चोवीस तास जागे राहून, येणारी पत्रे घेणारा आणि जाणारी पत्रे पोहोचविणारा तो आपला पोस्टमास्तर समजावा.

भारतीयांना या मार्गाची आठवण विशेषेकरून नोव्हेंबर २०१९ मध्ये झाली. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले, तेव्हा निषेध म्हणून अनेक भारतीय मॅस्टोडॉनकडे वळले. तो उत्साह फार काळ टिकला नाही, हे मान्य केले पाहिजे. रागाने सोडलेले घर आणि विचाराने बांधलेले घर यांत अंतर असते.

आता कोणी विचारील की, या दूरदूरच्या गोष्टींशी सीमेवरील एका मराठी शाळेचा संबंध काय? आमच्या मते संबंध आहे, आणि तो जवळचा आहे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्याचे किनवट व राजुरा हे तालुके तोडून नांदेड जिल्ह्यास जोडले गेले. राजुरा पुढे १९५९ साली चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात गेला. जे मराठी बोलणारे अलीकडे राहिले ते प्रथम आंध्र प्रदेशचे आणि २ जून २०१४ पासून तेलंगणाचे नागरिक झाले. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी या जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले. नकाशे बदलले तरी नात्यागोत्याची माणसे दोन्ही तीरांवर आहेत. आपल्या बोलीत तेलुगू शब्द मिसळले आहेत, दख्खनी उर्दू मिसळली आहे, शेजारी गोंडी, कोलामी, लंबाडी बोलल्या जातात. अशी मिश्र बोली पुण्यामुंबईच्या वृत्तपत्रांस ठाऊक नाही आणि हैदराबादेच्या वृत्तपत्रांस तिचे कारण नाही. तिचा लेखी संग्रह कोणी करावयाचा? आपणच. आणि तो कोठे ठेवावयाचा? येथेच प्रश्न उभा राहतो.

गुंजाळाची गोष्ट येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. याच जिल्ह्यात, नारनूर मंडलातील गुंजाळा गावी, गोंडी भाषेची स्वतंत्र लिपी असलेली हस्तलिखिते २००६ च्या सुमारास विद्वानांच्या नजरेस आली. त्यांतील जुन्यात जुने सुमारे १७५० चे मानले जाते. बाहेरच्या जगास पत्ता नसताना, गावातील काही घरांनी ती जपली म्हणून ती उरली. जून २०१८ मध्ये त्या लिपीस युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात स्थान मिळाले. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही आपली मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लाख लोक होते. तरीही मोठ्या कंपन्यांच्या कारभारात या लिपीचा क्रम फार मागे लागतो, कारण तीत त्यांना बाजार दिसत नाही. केंद्र आपले असेल तर त्यावर त्या लिपीचा टंक आपण आपल्या हाताने बसवू शकतो; कोणाकडे अर्ज करावयास नको.

आपली वस्तू आपण सांभाळण्याची ही रीत मराठी माणसास नवी नाही. निजामी अमलात, सभा भरवावयासही सरकारी परवानगी लागे अशा काळात, हैदराबादेतील मराठी मंडळींनी १९२२ साली मराठी ग्रंथसंग्रहालय उभे केले. विश्वजालावरही असे घडले आहे. परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींनी १९९६ साली गणेशचतुर्थीच्या मुहूर्तावर 'मायबोली' हे स्थळ सुरू केले. तेव्हा ऑर्कुट नव्हते, फेसबुक नव्हते. त्या मोठ्या नावांपैकी एक आले आणि अस्तासही गेले. मायबोली मात्र चालू आहे. जुने लिखाण वाचावयास मिळते, याचे कारण ते सांभाळणाऱ्यांना त्याची आस्था आहे.

खर्चाचा बाऊ करण्याचे कारण नाही. पोस्टकार्डापेक्षा बरेच लहान असे एका पाटीवरचे संगणक २०१२ पासून बाजारात आहेत. अशा यंत्रास सुमारे ५ वॉट वीज लागते असे धरले, तर महिनाभर अखंड चालवूनही ३.६ युनिटच होतात. मॅस्टोडॉनला अंमळ मोठे यंत्र हवे. परंतु 'गो-टू-सोशल' यासारख्या हलक्या प्रणाली ३०-४० माणसांसाठी लहान यंत्रावरही चालू शकतात. केंद्रास एक नाव लागते, त्याचे वार्षिक शुल्क असते. ऑगस्ट २०१४ पासून '.भारत' या देवनागरी शेवटाचे नावही घेता येते. खरी अडचण तीन ठिकाणी येते. एक, आपल्याकडील वीज आणि तार यांचा भरवसा. दुसरी, पुष्कळ घरगुती जोडण्यांना बाहेरून थेट पोहोचता येईल असा स्वतंत्र पत्ता मिळत नाही. तो मागून घ्यावा लागतो, अथवा यंत्र शहरात भाड्याने घ्यावे लागते. तिसरी, चित्रांनी आणि चलत्‌चित्रांनी साठवण भराभर भरते. दुसऱ्या केंद्रांवरून आलेल्या चित्रांच्या प्रतीही आपल्याकडे साठतात, त्या वेळोवेळी झाडून काढाव्या लागतात.

आक्षेप घेणारे याहून गंभीर प्रश्न विचारतात, आणि त्यांस उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

पहिला आक्षेप असा की, हे काम कोण किती दिवस करणार? हा आक्षेप खरा आहे. युरोपीय संघाच्या माहितीसंरक्षण अधिकाऱ्याने एप्रिल २०२२ मध्ये तेथील संस्थांसाठी मॅस्टोडॉनचे एक केंद्र काढले. पुढे त्याची जबाबदारी घेणारी दुसरी संस्था मिळेना, म्हणून मे २०२४ मध्ये ते बंद करावे लागले. जेथे पैशांची व तज्ज्ञांची वाण नाही तेथे हे घडले, तर आपला पाड काय? शिवाय अशी कित्येक केंद्रे एकट्यादुकट्याने चालविलेली असतात; तो कंटाळला की केंद्र मिटते. एका केंद्रावरून दुसरीकडे जाताना आपले अनुयायी नेता येतात, परंतु मॅस्टोडॉनवर जुने लिखाण आपोआप तिकडे जात नाही. तेव्हा एका हौशी तरुणाच्या खांद्यावर गावाची चावडी ठेवणे हे शहाणपणाचे नव्हे. येथे सहकाराचा धडा उपयोगी पडतो. १९५० साली प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला, तो कोणा एका धनिकाच्या बळावर नव्हे. लहान लहान भाग जमले, हिशेबाची वही सर्वांस खुली राहिली, म्हणून तो उभा राहिला. सर्व्हर हे कारखान्याच्या मानाने खेळणे होय. परंतु नियम तोच.

दुसरा आक्षेप असा की, आपल्या केंद्रावर कोणी अपशब्द, अफवा किंवा अश्लील मजकूर टाकला तर? तर उत्तरदायित्व आपले. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा आहे, आणि २०२१ च्या नियमांनुसार असे केंद्र चालविणाऱ्याने तक्रार ऐकण्यासाठी अधिकारी नेमून त्याचे नाव प्रसिद्ध करावयाचे असते, आणि ठराविक मुदतीत तक्रारीचा निकाल लावावयाचा असतो. स्वातंत्र्य हवे आणि राखणदारी नको, असे म्हणता येणार नाही. चावडीवर भांडण झाले तर ते मिटविण्यास पंच लागतात, येथेही लागतील.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो पालकांचा आहे. मॅस्टोडॉनवरील खासगी म्हणविलेली पत्रे मोहोरबंद नसतात. केंद्र चालविणाऱ्याने मनात आणले तर ती वाचता येतात. दूरच्या कंपनीऐवजी गावातील ओळखीचाच मनुष्य ती वाचू शकतो, हे कित्येकांस अधिकच अवघड वाटेल. म्हणून सभासदांस हे आरंभीच स्पष्ट सांगितले पाहिजे की, येथे गुपिते लिहू नयेत. तसेच २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालील सर्वांस बालक मानतो, आणि त्यांच्या माहितीचा वापर करण्यापूर्वी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती मागतो. आमचे मत याहूनही कडक आहे. शाळेतील मुलांना तेथे स्वतंत्र खाती देऊच नयेत. शाळेचे एकच खाते असावे आणि ते शिक्षकांच्या देखरेखीखाली चालावे.

मग विद्यार्थ्यांना त्यात काय? विद्यार्थ्यांना त्यात शिक्षण आहे. ज्या यंत्रावर आपण तासन्‌तास डोळे लावतो, ते आतून कसे चालते, पत्र कोठून निघते, कोठे साठते, कोण वाचू शकतो, पुसले म्हणजे खरोखर पुसले जाते काय, हे ज्याने एकदा स्वतः पाहिले तो पुढे जाहिरातीच्या आणि अफवेच्या जाळ्यात सहसा सापडत नाही. शेतकऱ्याच्या मुलास नांगर धरता आला पाहिजे असे आपण म्हणतो; तर या युगातील मुलास आपल्या शब्दांचे कोठार कसे बांधतात हे ठाऊक नको काय?

म्हणून आमची सूचना अगदी लहान आहे. माजी विद्यार्थी, शिक्षक आणि गावातील एखादे वाचनालय यांनी मिळून एक मंडळ करावे. आरंभी २५-३० प्रौढ सभासद असावेत. वार्षिक वर्गणी ठरवावी, हिशेब दरवर्षी वाचून दाखवावा. केंद्र सांभाळणारे एक नव्हे, दोन असावेत, आणि तिसरा शिकत असावा. नियम एका पानावर मराठीत व तेलुगूत लिहून लावावेत. सर्व मजकुराच्या तीन प्रती ठेवाव्यात, आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी असावी. मंडळ पुढे चालविणे अशक्य झाले तर तीन महिने आधी सभासदांस कळवून ज्याचे त्याचे लिखाण त्याच्या हाती द्यावे, हा नियमही पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा. कारण शेवट कसा करावयाचा हे ज्यास ठाऊक असते तोच आरंभ विश्वासाने करू शकतो. तेथे प्रथम काय ठेवावे? शाळेची जुनी वार्षिके, आजीच्या ओव्या तिच्या अनुमतीने तिच्याच आवाजात, पैनगंगेच्या पुरांच्या आठवणी, शेतीची आपल्या भागातील नावे, केस्लापूरच्या नागोबा जत्रेची जाणत्यांनी सांगितलेली हकीकत. एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

मोठी माध्यमे सोडा असा आमचा आग्रह नाही. बाजाराला जावे, तेथे भेटावे, बोलावे, देवघेव करावी. परंतु बियाण्याची कणगी कोणी बाजारात ठेवून येत नाही. ती घरी असते. आपली भाषा, आपल्या आठवणी आणि आपसांतील विश्वास हे पुढच्या पेरणीचे बियाणे आहे. या शाळेतून बाहेर पडलेली मुले आज हैदराबादेस, पुण्यास, परदेशी संगणकाच्याच व्यवसायात आहेत. हे काम त्यांच्या आटोक्याबाहेरचे नाही. त्यांनी सुटीत गावी यावे तेव्हा एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवावी, आणि आठवीनववीच्या मुलांना जवळ बसवून घेऊन ते काम करावे, इतकीच आमची त्यांस विनंती आहे.